रात्रीचा अडलेला श्वास आणि दिवसाचीं दुखणीं

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाची थट्टा करण्याची चाल फार जुनी आहे. कुंभकर्णाची झोप तर म्हणीसारखी घरोघर वापरली जाते. आणि नाटकांत अगर नकलेंत एकाद्या पात्रास घोरावयास लावलें कीं हशा पिकलाच म्हणून समजावें. या थट्टेच्या मुळाशीं एक समजूत दडलेली आहे. ती अशी कीं, जो मोठ्यानें घोरतो त्याला गाढ झोप लागलेली असते; जागरण काय तें त्याच्या शेजारीं निजणाऱ्याच्या वांट्याला येतें. आजच्या भाषणांत ही समजूत मला तपासून पाहावयाची आहे. कारण घोरणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या बाबतींत ती चुकीची तर आहेच, पण घातकहि आहे. ही माणसें गाढ झोपलेलीं नसतात. रात्रभर त्यांचा श्वास वारंवार अडत असतो, आणि त्या अडलेल्या श्वासाच्या सोबतीनें दिवसाचीं अनेक दुखणीं त्यांच्या शरीरांत नांदत असतात.

प्रथम घडतें काय तें पाहूं. नाकावाटे आंत गेलेली हवा श्वासनलिकेंत शिरण्यापूर्वीं घशाच्या एका मऊ भागांतून जाते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, म्हणून ती मिटत नाहीं. घशाच्या या भागाला मात्र तसा आधार नाहीं. जीभ, मऊ टाळू व आजूबाजूचे स्नायु यांच्या बळावरच ही वाट उघडी राहते. जागेपणीं हे स्नायु सज्ज असतात; झोप लागली कीं ते सैल पडतात. वाट अरुंद झाली म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्या हवेनें टाळू व पडजीभ फडफडूं लागतात, हेंच घोरणें. पण वाट पुरतीच मिटली म्हणजे घोरणें एकदम बंद पडतें. शेजारच्यास वाटतें, 'बरें झालें, आतां शांत झोप लागली.' वस्तुतः त्याच वेळीं छाती व पोट हवेसाठीं धडपडत असतात आणि आंत कांहींच जात नसतें. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. अखेर मेंदूला धोक्याची जाणीव होते, झोप क्षणभर मोडते, स्नायु पुन्हा ताठ होतात, आणि गुदमरून सुटल्यासारखा मोठा आवाज करून श्वास चालू होतो. पुन्हा डोळा लागतो, पुन्हा वाट मिटते. रोग्याला या साऱ्याची शुद्ध नसते आणि सकाळीं त्याला त्यांतलें कांहीं आठवतहि नाहीं.

श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा ठराविक मर्यादेपलीकडे मंदावला, तर डॉक्टर तो एक अडथळा म्हणून मोजतात. तासाला असे ५ ते १५ अडथळे आले तर विकार सौम्य, १५ ते ३० आले तर मध्यम, आणि ३० किंवा अधिक आले तर तो तीव्र समजतात. तासाला ३० या हिशेबानें सात तासांच्या झोपेंत २१० वेळां श्वास अडतो. ज्याला रात्रींतून दोनशें वेळां कोणीं गळा दाबून सोडलें, तो सकाळीं ताजातवाना कसा उठणार?

या विकाराला इंग्रजींत 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया' असें नांव आहे. 'अॅप्निया' हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ श्वास नसणें. आपण सोयीसाठीं त्यास 'निद्राश्वासरोध' म्हणूं. विकार जुनाच असला पाहिजे, पण त्याची ओळख नवी आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरींत ज्यो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो काम करतां करतां उभ्यानेंच झोपीं जातो व घोरतो. वाचक जवळजवळ १२० वर्षें त्याला हंसत आले. १९५६ सालीं कांहीं अमेरिकन डॉक्टरांनीं तशाच एका रोग्याचें वर्णन करतांना त्याच्या विकाराला पिकविकचेंच नांव दिलें. पुढें १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी या देशांतील संशोधकांनीं झोपलेल्या रोग्यांचा श्वास रात्रभर यंत्रावर नोंदला, आणि दिवसाच्या पेंगेचें मूळ रात्रीं अडणाऱ्या श्वासांत आहे हें उघड केलें. अशा रीतीनें विनोदाचा विषय वैद्यकाचा विषय झाला.

हा विकार दुर्मिळ आहे असेंहि कोणीं समजूं नये. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें जगांतील ३० ते ६९ वयाच्या सुमारें ९३ कोटि ६० लक्ष लोकांत तो कमीअधिक प्रमाणांत आहे. आपल्या मुंबईंत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची जी पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत शेंकडा १९.५ जणांचा श्वास झोपेंत बिघडतो असें आढळलें. आणि दिवसां झोप अनावर होण्याच्या लक्षणासह पूर्ण विकार शेंकडा ७.५ जणांत दिसून आला. म्हणजे आपल्या ओळखीच्या कुटुंबांत असा एकादा गृहस्थ असणारच.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. निद्राश्वासरोधाबरोबर जीं दुखणीं आढळतात, त्यांचे तीन वर्ग पाडतां येतील. पहिल्या वर्गांत, ज्यांना हा विकार स्वतः चेतवतो किंवा वाढवतो अशीं दुखणीं. दुसऱ्यांत, ज्यांच्याशीं त्याचें दुहेरी नातें आहे तीं. आणि तिसऱ्यांत, ज्यांचा मुखवटा घालून तो डॉक्टरांकडे येतो तीं.

पहिल्या वर्गांत अग्रस्थान रक्तदाबाचें. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेंत शेंकडा १० ते २० उतरतो. हृदयाची व रक्तवाहिन्यांची तीच काय ती विश्रांति. श्वास अडणाऱ्या माणसाला ती मिळत नाहीं. प्रत्येक अडथळ्याच्या शेवटीं शरीर संकट आल्यासारखें वागतें. अॅड्रिनॅलिनसारखीं द्रव्यें रक्तांत उसळतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब उडी मारतो. रात्रीची ही संवय पुढें दिवसासहि जडते. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें सरकारी नोकरींतील स्त्रीपुरुषांची झोप वर्षानुवर्षें तपासण्यांत आली. २००० सालीं जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, ज्यांचा श्वास तासाला १५ किंवा अधिक वेळां अडत होता, त्यांना चार वर्षांनीं उच्च रक्तदाब असण्याचा संभव इतरांच्या जवळजवळ तिप्पट होता. याहून बोलकी गोष्ट कॅनडांतील टोरोंटो शहरांतली आहे. तीन तीन औषधें घेऊनहि ज्यांचा रक्तदाब आटोक्यांत येत नव्हता अशा ४१ रोग्यांची झोप तेथें तपासली, तेव्हां शेंकडा ८३ जणांत निद्राश्वासरोध निघाला. हा निष्कर्ष २००१ सालचा. गोळ्यांची संख्या वाढत जाते, पण रोज रात्रीं दाब वर ढकलणाऱ्या कारणाकडे कोणाचें लक्षच नसतें, असें याचें तात्पर्य.

रक्तदाबाच्या पाठोपाठ हृदय येतें. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती जेव्हां जोरानें श्वास ओढते, तेव्हां छातींत पोकळीसारखी ओढ निर्माण होते आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. या ताणानें व प्राणवायूच्या चढउतारानें हृदयाची लय बिघडते. 'एट्रियल फिब्रिलेशन' नांवाचा जो अनियमित ठोक्यांचा विकार आहे, त्यांतील रोग्यांना विजेचा हलका धक्का देऊन लय पूर्ववत् करतात. २००३ सालच्या एका अमेरिकन पाहणींत, श्वासरोधावर उपचार न घेणाऱ्या रोग्यांपैकीं शेंकडा ८२ जणांची लय वर्षाच्या आंत पुन्हा बिघडली. उपचार घेणाऱ्यांत हेंच प्रमाण शेंकडा ४२ होतें. २००५ सालीं आणखी एक गोष्ट नजरेस आली. हृदय अकस्मात् बंद पडून येणारें मरण सर्वसाधारण लोकांत पहांटेनंतर, सकाळच्या वेळीं अधिक येतें. निद्राश्वासरोध असलेल्यांत मात्र अशा मृत्यूंपैकीं शेंकडा ४६ मृत्यु मध्यरात्र ते सकाळचे सहा या वेळांत झालेले आढळले. विकार नसलेल्यांत हें प्रमाण शेंकडा २१ होतें. 'झोपेंतच गेले, पुण्यवान मनुष्य' असें आपण म्हणतों. त्यांतले कांहीं कदाचित् वांचूं शकले असते.

अर्धांगवायूचाहि याच वर्गांत समावेश करावा लागतो. अर्धांगाचा झटका आलेल्या रोग्यांची झोप तपासली तर निम्म्याहून अधिक जणांत श्वासाचा असा बिघाड सांपडतो. यांतील कांहींजणांत तो झटक्याच्या आधींपासून असतो, तर कांहींत झटक्यानें घशाचे स्नायु दुर्बळ झाल्यामुळें तो येतो किंवा वाढतो.

दुसऱ्या वर्गांतील दुखण्यांचें नातें दुहेरी आहे. त्यांत मुख्य लठ्ठपणा. मानेंत व जिभेंत चरबी सांठली कीं घशाची वाट अरुंद होते. उलट, मोडक्या झोपेनें थकलेल्या माणसाची भूक वाढते, चालणेंफिरणें कमी होतें आणि वजन वाढत जातें. एक दुष्टचक्र सुरू होतें. वर सांगितलेल्या विस्कॉन्सिनच्याच पाहणींत, वजन शेंकडा १० वाढलें तर अडथळे सुमारें शेंकडा ३२ वाढतात आणि तितकेंच घटलें तर सुमारें शेंकडा २६ कमी होतात, असें दिसलें. तरी पण हा विकार केवळ लठ्ठ माणसांचाच, असें समजणें चूक होईल. ज्यांची हनुवटी मागें गेलेली आहे, जबडा लहान आहे किंवा टॉन्सिल वाढलेले आहेत, अशा सडपातळ माणसांतहि तो असतो.

मधुमेहाचेंहि असेंच आहे. प्राणवायूच्या वारंवार होणाऱ्या घटीमुळें इन्सुलिनचें काम मंदावतें. २००९ सालच्या एका अमेरिकन पाहणींत लठ्ठपणा व मधुमेह हे दोन्ही असलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ८६ जणांत निद्राश्वासरोध आढळला. थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें असतां जीभ व घसा यांना सूज येऊन हा विकार उद्भवूं शकतो. बीजकोशांत गाठी होण्याचा जो विकार तरुण स्त्रियांत हल्लीं पुष्कळ दिसतो, त्यांतहि त्याचें प्रमाण अधिक असतें. गरोदरपणीं तो असेल तर रक्तदाब व मधुमेह या दोन्ही उपद्रवांचा संभव वाढतो.

तिसरा वर्ग सर्वांत फसवा. येथें रोगी श्वासाची तक्रार घेऊन येतच नाहीं. तो म्हणतो, रात्रीं तीन-चार वेळां लघवीस उठावें लागतें. उतारवयाच्या पुरुषाला प्रोस्टेटची शंका येते, आणि ती रास्तहि असते. पण पुष्कळदां कारण निराळें असतें. हृदयाचा वरचा कप्पा ताणला गेला कीं, शरीरांत पाणी फार झालें आहे अशी त्याची समजूत होते आणि तो मूत्रपिंडांना अधिक लघवी करावयास सांगणारें एक द्रव्य रक्तांत सोडतो. म्हणजे रोगी लघवीसाठीं जागा होतो असें आपणांस वाटतें, पण मुळांत लघवी होते ती श्वास अडल्यामुळें. दुसरा म्हणतो, सकाळीं उठल्यावर डोकें जड असतें व तोंडाला कोरड पडते. तिसऱ्याला रात्रीं छातींत जळजळतें. छातींतील ओढीमुळें आम्ल वर येण्यास मदत होते, हें त्याचें एक कारण असूं शकतें. चौथा चिडखोर झालेला असतो. वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं, कामांत मन लागत नाहीं, सारखें उदास वाटतें. पांचवा कचेरींत, आगगाडींत, कीर्तनांत, जेथें बसेल तेथें डुलक्या घेतो. हाच मनुष्य मोटार हांकीत असेल तर? निद्राश्वासरोध असलेल्या चालकांच्या हातून अपघात होण्याचा संभव इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे. येथें प्रश्न केवळ रोग्याच्या प्रकृतीचा राहत नाहीं. रस्त्यावरील परक्याच्या जिवाचाहि होतो.

स्त्रियांच्या बाबतींत तर हा मुखवटा अधिकच दाट असतो. त्या डुलक्यांपेक्षां थकव्याची, झोप न लागल्याची व उदासपणाची तक्रार अधिक करतात. अशा बाईला शक्तीचें औषध मिळतें किंवा झोपेची गोळी मिळते. आणि कांहीं झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायु आणखी सैल करतात. त्यांत बाईमाणसानें घोरणें हें आपल्याकडे लाजेचें मानलें जातें, म्हणून ती गोष्ट घरांतहि कोणी उच्चारीत नाहीं. पाळी गेल्यानंतरच्या वयांत स्त्रियांत या विकाराचें प्रमाण वाढतें, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. मुलांची कथा आणखी निराळी. टॉन्सिल व नाकामागील ग्रंथि वाढलेलें मूल रात्रीं तोंड उघडें टाकून घोरतें, पण दिवसां तें पेंगण्याऐवजीं धांगडधिंगा घालतें. अभ्यासांत लक्ष देत नाहीं, क्वचित् अंथरूण ओलें करतें. अशा मुलाला व्रात्य म्हणून शिक्षा होते.

यावर उपाय काय? १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच रोग्यांवर एक युक्ति योजून पाहिली. नाकावर बसविलेल्या मुखवट्यांतून हलक्या दाबाची हवा रात्रभर सोडावयाची, म्हणजे त्या हवेच्याच आधारानें घशाची वाट उघडी राहते. त्यापूर्वीं अतितीव्र विकारावर गळ्याला भोंक पाडून श्वासाची वाट करून देण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. आज 'सीपॅप' या नांवानें तें यंत्र सर्वत्र वापरांत आहे. त्याखेरीज वजन उतरविणें, कुशीवर निजणें, मद्य वर्ज्य करणें, खालचा जबडा पुढें धरणारी दांतांवरची पट्टी वापरणें, आणि मुलांत टॉन्सिल काढून टाकणें, असे उपाय आहेत. लठ्ठपणा असलेल्या रोग्यांसाठीं टिर्झेपटाइड या औषधास अमेरिकेंत डिसेंबर २०२४ मध्यें मान्यता मिळाली आहे. यांपैकीं कोणता उपाय कोणास योग्य, हें तपासणीनंतर डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें.

परंतु या उपचारानें सोबतचीं सारींच दुखणीं पळून जातील, असें आश्वासन मी देणार नाहीं. यंत्रानें दिवसाची पेंग जाते, स्वभाव निवळतो, रात्रीचें लघवीचें उठणें पुष्कळांचें कमी होतें. रक्तदाब मात्र सरासरीनें दोन-तीन अंशच उतरतो. ज्यांचा दाब औषधांना जुमानीत नाहीं त्यांत कांहींसा अधिक. मधुमेहावर त्याचा परिणाम अनिश्चित आहे. २०१६ सालीं २,७१७ हृद्रोगी व अर्धांगी रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल बाहेर आला. यंत्र मिळालेल्यांत पुढील झटके कमी झाले नाहींत. मात्र त्यांनीं तें यंत्र रात्रीं सरासरी ३.३ तासच लावलें होतें. तेव्हां जें यंत्र अर्ध्या रात्रीं उशाशीं पडून राहतें, त्यापासून पुऱ्या फळाची अपेक्षा करतां येत नाहीं. आणि यंत्र लावलें म्हणून रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या बंद करणें हा तर शुद्ध अविचार होय.

मग घरांतल्या माणसांनीं करावयाचें काय? या रोगांत एक विलक्षण गोष्ट आहे. रोग्याला आपला रोग दिसत नाहीं; तो दिसतो शेजारीं जागणाऱ्याला. म्हणून पत्नीची, पतीची, आईची किंवा मुलाची साक्ष ही या रोगाची पहिली परीक्षा. आपल्या घरांत ही साक्ष बहुधा थट्टेंत किंवा भांडणांत वायां जाते. 'अहो, तुम्ही रात्रीं श्वास घ्यावयाचे थांबतां' असें बायकोनें म्हटलें, तर 'तुला भास होतात' असें उत्तर मिळतें; आणि डॉक्टरांपुढें नवऱ्याच्या देखत तें सांगण्याचा तिला संकोच होतो. हा संकोच सोडला पाहिजे. घोरणें मध्येंच थांबतें काय, किती वेळ थांबतें, आणि पुन्हा श्वास चालू होतांना गुदमरल्यासारखा आवाज होतो काय, एवढें दोन-चार रात्रीं पाहावें; हल्लीं प्रत्येकाच्या हातांतील फोनवर तो आवाज टिपून ठेवणेंहि सोपें आहे. मग रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या ज्या डॉक्टरांकडे आपण जात असाल, त्यांच्या कानावर हें अवश्य घालावें. झोपेची तपासणी एका रात्रींत होते. पुष्कळदां ती घरींहि करतां येते. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट आधींच सांगावी, कारण भुलीच्या व वेदनाशामक औषधांनीं अशा माणसाची घशाची वाट अधिक सहज मिटते.

प्रत्येक घोरणारा रोगी नव्हे, आणि प्रत्येक रक्तदाबामागें अडलेला श्वास असतोच असेंहि नाहीं. परंतु एकाच माणसाच्या नांवानें रक्तदाबाची एक, साखरेची दुसरी, आम्लपित्ताची तिसरी व झोपेची चौथी अशा औषधांच्या बाटल्या कपाटांत वाढत चालल्या असतील, आणि तो माणूस रात्रीं घोरतां घोरतां थांबत असेल, तर त्या चार बाटल्यांच्या मागें एकच कारण उभें नाहीं ना, हें विचारून पाहणें कुटुंबाचें कर्तव्य आहे. घोरण्याचा आवाज सर्वांनाच नकोसा वाटतो. पण खरें कान देऊन ऐकावयाचें तें तो आवाज थांबल्यानंतरच्या शांततेकडे.